वोरेल 1000 करायचीय? आधी किनाऱ्यावरच्या लाटा शिक

ही शिडाच्या बोटींची शर्यत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने फ्लोरिडा ते व्हर्जिनिया बीच, जवळपास 1000 मैल, तेही उघड्या एफ18 वर (18 फुटी, जोड-तळाची कॅटामरान) दोघांनीच, म्हणून नवीन मुलं आधी स्पीडचंच विचारतात, पण ऐक, रोज किनाऱ्यावरून सुटायचं आणि किनाऱ्यावरच लागायचं, खरी मोडतोड तिथेच होते. निघताना बोटीचं नाक लाटेला सरळ ठेव, रडर (सुकाणू) आणि डॅगरबोर्ड (बोटीखाली पाण्यात उतरणारी उभी फळी) अर्धे वर, आणि बोट अन् किनारा यांच्या मधे कधीच उभा राहू नकोस, 180 किलोची बोट लाटेबरोबर अंगावर आली तर पाय गेलाच समज.

उत्तरेचा वारा असेल तर गल्फ स्ट्रीमच्या (उत्तरेकडे वाहणारा समुद्री प्रवाह) मोहात फार बाहेर जाऊ नको. प्रवाह पुढे ढकलतो हे खरं, पण समोरून वारा आला की तिथे लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात, बोट आपटून आपटून खिळखिळी होते. वाटेतल्या केप हॅटरस या भूशिराला डायमंड शोल्सपासून (समुद्रातले उथळ वाळूचे पट्टे) लांब राहा.

पीएलबी (संकटात तुझी जागा कळवणारं छोटं यंत्र), व्हीएचएफ रेडिओ आणि चाकू अंगावरच बांध, बोटीवर नको, पलटी झाल्यावर वाऱ्याने बोट तुला सोडून निघून जाऊ शकते. ग्राउंड क्रू (किनाऱ्यावरून मदत करणारी टीम) मात्र आत्तापासून शोध, रात्री टॉर्च धरून रडर दुरुस्त करणारी माणसं ऐनवेळी मिळत नाहीत.