फुलपाखरांची प्रश्नपेटी: बंदुकीने पाडलेली राणी

प्रश्न: ताई, माझा मुलगा म्हणतो जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू आधी बंदुकीने पाडलं होतं. मी म्हटलं काहीही काय! खरं काय ते सांगा, घरात पैज लागलीय. (एक आई, डोंबिवली)

उत्तर: पैज हरलात तुम्ही! १९०६ साली अल्बर्ट मीक नावाचा माणूस न्यू गिनीच्या जंगलात फिरत होता, इंग्लंडच्या वॉल्टर रॉथ्सचाइल्डसाठी पक्षी आणि किडे गोळा करायला, आणि ही बाई उडत होती झाडांच्या पार शेंड्यावरून, जाळं काही तिथवर पोचेना, मग काय, काढली छर्‍यांची बंदूक. पुढच्या वर्षी रॉथ्सचाइल्डने तिला सातव्या एडवर्डच्या राणीचं नाव दिलं, क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग. मादीचे पंख पसरले की २५ सेंटीमीटरच्याही पुढे जातात, जेवणाची थाळी भरेल जवळपास. ती चॉकलेटी, साधीच. नर लहान पण नटवा एकदम, निळे-हिरवे पंख आणि पोट पिवळंजर्द.

प्रश्न: हे फुलपाखरू पापुआ न्यू गिनीत एवढ्याशाच भागात का सापडतं? पंख एवढे मोठे तर उडून कुठेही जाईल की. (बी.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: जाईल, पण अंडी कुठे घालणार? सगळी गोची तिथेच आहे. अळीला एकाच जातकुळीतली वेल लागते, आपल्या सापसणीची नातेवाईक म्हण, रानात उंच झाडावर चढत जाणारी. ती वेल विषारी असते, अळी तेच विष अंगात साठवते म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. अंडं फुटलं की अळी आधी स्वतःचंच टरफल खाते, मग कोवळी पानं, आणि मोठी झाली की खोडसुद्धा कुरतडते. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण चार महिने जातात आणि नंतरचं आयुष्य जेमतेम तीन महिन्यांचं. म्हणजे वेल हवी, वेलीला चढायला मोठं झाड हवं, आणि मधासाठी फुलं हवीत ती वेगळीच. असं सगळं एकत्र असलेलं रान उरलंय ओरो प्रांतात, पोपोनडेटाच्या आसपास आणि मनागलास पठारावर. त्यातला एक मोठा तुकडा १९५१ मध्ये माउंट लॅमिंग्टन ज्वालामुखी फुटला तेव्हा गेला.

प्रश्न: पकडायला बंदी आहे ना? मग अजून धोका कसला? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर: सर, बंदी आहेच, तिथला कायदा १९६० च्या दशकातला आहे, शिवाय साइट्स म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पहिल्या परिशिष्टात नाव आहे म्हणजे देशोदेशींचा धंदेवाईक व्यापार बंद. पण कायदा जाळीवाल्याला अडवतो, कुर्‍हाडीला नाही. लाकूडतोड झाली, सपाट सुपीक जमिनीवर तेलपामाचे मळे आले, आणि मळ्यात ती वेल कुठून येणार? माझं स्पष्ट मत आहे की फुलपाखरू वाचवायचं तर वेलीखालची जमीन वाचवावी लागते, आणि तिथे जवळजवळ सगळी जमीन सरकारची नाही, तिथल्या आदिवासी घराण्यांच्या मालकीची आहे. म्हणजे गाववाल्यांना रान राखण्यात चार पैसे दिसले पाहिजेत. तिथल्याच बुलोलो गावात १९७८ पासून एक सरकारी संस्था हेच करते, गाववाले बागेच्या कडेला वेली लावतात, दुसर्‍या जातींची बर्डविंग फुलपाखरं वाढवतात आणि संस्था ती बाहेर विकते. राणीसाहेब मात्र त्या यादीत नाहीत, आणि चोरट्या बाजारात तिला भाव चढतो तो त्यामुळेच, असं म्हणणारे बरेच आहेत. बंदी उठवावी का यावर दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडतात, मला विचाराल तर आत्ता तरी नको. २०१७ मध्ये मनागलास पठार संरक्षित जाहीर झालं ते चांगलं झालं, कारण त्यासाठी गाववालेच कित्येक वर्षं मागे लागले होते.

(तेलपामाच्या मळ्यांतून पामतेल येतं, मग त्यात तळलेलं फरसाण सोडू का, असंही एका ताईंनी विचारलंय. आपल्याकडे येणारं पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाचं असतं, तेव्हा तुमच्या शेवेचा या राणीशी थेट संबंध नाही. तिथल्या रानांशी आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

प्रश्न: आमच्या आवारात काळं-पिवळं भलंमोठं फुलपाखरू येतं, त्याच्यासाठी काय लावू? (सावंतवाडीचे आजोबा)

उत्तर: आजोबा, नशीबवान आहात! वर्णनावरून सदर्न बर्डविंग वाटतंय, आपल्या सह्याद्रीतलं, त्याच राणीच्या भाऊबंदांपैकी. आकारात भारतात कित्येक वर्षं हेच पहिलं होतं, मादी १९० मिलिमीटर, २०२० मध्ये उत्तराखंडच्या गोल्डन बर्डविंगने १९४ मिलिमीटर भरून नंबर पटकावला, चारच मिलिमीटरने हो! लावायची ती सापसण, आपली गावठी. नर्सरीत मोठ्या नक्षीदार फुलांची परदेशी वेल त्याच कुळातली म्हणून गळ्यात मारतील, ती घेऊ नका. ऑस्ट्रेलियात तसल्याच एका वेलीवर रिचमंड बर्डविंग फसून अंडी घालतं आणि अळ्या पानं खाऊन मरतात. सापसणीवर अळ्या दिसल्या, पानं फस्त झाली तर फवारणी करू नका, बर्डविंगच्या नसल्या तर कॉमन रोज नाहीतर क्रिमसन रोज या फुलपाखरांच्या असतील. वेल पुन्हा फुटते. आणि नातवंडांना पान तोंडात घालू देऊ नका, विषारी आहे ते.