वाचकांचे प्रश्न : जीपची फ्रेम विलिसची, फोर्डची की इथली?

प्रश्न : चोपड्याला शेतात पडून असलेली जुनी मिलिटरी जीप घेतली. बॉडी सडली आहे, पण फ्रेम धड दिसते. विकणारा ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणतो. खात्री कशी करायची?

उत्तर : व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) मोजून निकाल लागणार नाही. युद्धातली विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू दोन्ही ८० इंची (२०३२ मिमी), आणि युद्धानंतरची नागरी जीप सीजे-३बी सुद्धा ८० इंचीच. महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे विलिस जीप जुळवायला घेतल्या, पुढे सीजे-३बी काढली. त्यामुळे खान्देशात सापडणारी फ्रेम इथलीच असण्याची शक्यता आधी धरा. टेप ८१ इंच दाखवत असेल तर एम३८ए१ किंवा सीजे-५ या नंतरच्या जीपांकडे बघा, ९१ इंच असेल तर महिंद्राच्या एमएम५४० कडे.

आता रेडिएटरखालचा सर्वांत पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे फ्रेमच्या दोन बाजू जोडणारा आडवा भाग, बघा. विलिस एमबीला तिथे गोल पाइप असतो, फोर्डला उलट्या ‘यू’ आकाराची चौकोनी पट्टी. पण चौकोनी दिसली म्हणून लगेच फोर्ड ठरवू नका, नंबर शोधा. फोर्डचा नंबर फ्रेमच्या डाव्या लांब पट्टीच्या वरच्या अंगाला, इंजिन माउंटिंगच्या पुढे ठोकलेला असतो आणि ‘जीपीडब्ल्यू’ने सुरू होतो. विलिसचा मात्र वेगळ्या पत्र्यावर, डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला बंपरमागे रिव्हेट केलेला. हा पत्रा बहुधा गळून गेलेला असतो, फक्त रिव्हेटची भोकं उरतात. फोर्डने बोल्टांवरही आपला ‘एफ’ ठोकला होता, पण बोल्ट कुठल्याही गाडीचे कुठेही लागतात. त्यांचा पुरावा कच्चा.

नंबरावर ग्राइंडर अजिबात लावू नका. रॉकेलने काळ्या मातीचा थर भिजवा, पेंट रिमूव्हर लावा, पितळी ब्रशने घासा. मग विजेरी (टॉर्च) आडवी धरून बघा, किंवा कागद ठेवून पेन्सिल फिरवा. नंबर जपायचं कारण कागदोपत्रीही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार नसेल तरच.

प्रश्न : फ्रेम वाकडी आहे का, हे गॅरेजशिवाय घरी कळेल का? (अमळनेर)

उत्तर : कळेल. सपाट कोबा, चार घोड्या (फ्रेम टेकवायचे स्टँड), ओळंबा, खडू, पाणसळ आणि पोलादी टेप पुरे. कापडी टेप ताणतो, तो नको. उन्हाची काळजी करू नका, फ्रेम आणि पोलादी टेप सारखेच फुगतात. फक्त अर्धी फ्रेम सावलीत, अर्धी उन्हात असं ठेवू नका.

चाकं, पाटे (लीफ स्प्रिंग) काढा. एक्सलपासून मोजलं तर पाट्यांच्या जोडाचे झिजलेले शॅकल आणि बुश फसवतात. घोड्या मागच्या टोकाला पाणसळीने एका पातळीत आणा. मग पुढच्या टोकावर दोन्ही पट्ट्यांवर आडवा सरळ पाइप ठेवून पाणसळ लावा. फरक दिसला तर फ्रेमला पीळ आहे.

मग डाव्या-उजव्या पाट्यांच्या सगळ्या हँगरच्या (फ्रेमवर पाटे जिथे अडकतात त्या कड्यांच्या) भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. पट्ट्या एक्सलवर वर उचललेल्या असल्याने तिरकं माप थेट फ्रेमवर घेऊ नका, जमिनीवरच्या खुणांवरच घ्या. पुढचा, मधला, मागचा असे भाग पाडून प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजा. फक्त पुढच्या भागात फरक आला तर धडक बसून टोकं वाकली आहेत. मधल्यात आला तर फ्रेम पतंगासारखी सरकली आहे, हे जास्त वाईट. ३ मिमीपर्यंत चालवून घ्या, ६ मिमीच्या वर सरळ केल्याशिवाय बॉडी बसवू नका, दारांच्या जागा आणि बोनेट जुळणार नाहीत.

मोजून झाल्यावर प्रत्येक रिव्हेटवर हलका हातोडा मारा. बद्द आवाज आला आणि कडेला तांबड्या गंजाची रेघ दिसली तर तो ढिला आहे.

प्रश्न : स्टिअरिंग बॉक्सच्या माउंटिंगजवळ तडा आहे. वेल्डिंग टिकेल?

उत्तर : टिकेल, पण घाई नको. तड्याच्या टोकाला ३ मिमी भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकतो. ‘व्ही’ खाच करून आरपार वेल्डिंग घ्या. वरून पट्टी मारायची तर तिची कड फ्रेमच्या लांबीला काटकोनात उभी कापू नका, तिरकी कापा. उभ्या कडेपाशीच नवा तडा जातो.