क्लास कोणता घेऊ? – वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्याच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच ऑनलाइन खेळाविषयी आहेत: 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक'. मूळ खेळ 2004 सालचा. त्याची जुन्या नियमांची आवृत्ती 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून मी तिथे प्रीस्ट, म्हणजे जखमा भरणारी पुजारीण, खेळते आहे, नाशिकहून, युरोपच्या सर्व्हरवर. क्लास, म्हणजे आपल्या कॅरेक्टरचा पेशा, एकूण नऊ. खेळात अलायन्स आणि होर्ड अशा दोन बाजू; पॅलाडिन फक्त अलायन्सकडे, शामन फक्त होर्डकडे, म्हणजे एका बाजूला निवडायला आठच. तरीही पत्रांचा ढीग पडतो, कारण निवडलेला क्लास त्या कॅरेक्टरला नंतर बदलता येत नाही.

प्रश्न: मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे म्हणाले वॉरियर सर्वांत भारी, म्हणून वॉरियर घेतला. आता लेव्हल 14 ला आहे आणि दोन शत्रू एकदम अंगावर आले की मी मेलोच. माझा मित्र हंटर घेऊन 20 ला पोचलाय. सोडून देऊ का? – एक विद्यार्थी, सातारा

उत्तर: सगळ्यांनी तुला साठाव्या, म्हणजे शेवटच्या, लेव्हलचा वॉरियर सांगितला. चौदाव्याचा कुणी सांगितलाच नाही. वॉरियरची ताकद रेजवर चालते. रेज मिळतो तो मार दिल्यावर आणि मार खाल्ल्यावर. तलवार कमजोर असली की मार कमी बसतो, मार कमी बसला की रेज कमी, आणि रेज कमी म्हणजे बटणं दाबायला काही उरतच नाही. शत्रू तुझ्यापेक्षा दोन-तीन लेव्हलनं वरचा असेल तर तुझे वार चुकतातही जास्त. हंटरचं तसं नाही. दहाव्या लेव्हलपासून त्याचा प्राणी पुढे उभा राहून मार खातो आणि तो लांबून बाण सोडतो.

तेव्हा आधी तीन गोष्टी कर. आपल्यापेक्षा एक-दोन लेव्हलनं खालचे शत्रू मार. जवळचे पैसे चिलखतावर न घालवता ऑक्शन हाउसमधून, म्हणजे खेळातल्या लिलावघरातून, चांगलं दोन हातांचं शस्त्र घे. आणि फर्स्ट एड शीक. मेलेल्या माणसांच्या खिशात सापडणारं लिननचं कापड विकू नकोस, त्याच्या पट्ट्या कर. शत्रू अर्धा मेला की हॅमस्ट्रिंग मारून त्याचा वेग कमी कर, म्हणजे तो पळून जाऊन आणखी दोघांना घेऊन येत नाही. वॉरियर मरतात ते बहुतेक वेळा या पळणाऱ्या शत्रूमुळेच. तिसाव्या लेव्हलला वॉरियरसाठी एक खास क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, आहे, तिच्यात व्हर्लविंड कुऱ्हाड मिळते. कुणी मदतीला असेल तर ती आधी उरक. ती हातात आली की पुढच्या कितीतरी लेव्हल सोप्या जातात.

पण तुझ्या पत्रात मला हवं असलेलं एक वाक्य नाही. चार्ज मारून शत्रूवर जाऊन आदळण्यात तुला मजा येते का? येत असेल तर वॉरियरच ठेव, मित्र कुठेही पोचू दे. येत नसेल तर चौदावी लेव्हल ही सोडायला अगदी योग्य जागा आहे. पुढचे कित्येक महिने तू तेच बटण दाबणार आहेस.

प्रश्न: सर्वांत ताकदवान क्लास कोणता? एका ओळीत सांगा. – एक वाचक, लातूर

उत्तर: उत्तम गिअर, म्हणजे शस्त्रं-चिलखत, असलेला वॉरियर, आणि ते गिअर मिळेपर्यंत मेज, म्हणजे जादूगार.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. रात्री मुलं झोपली की एक-दीड तास मिळतो, त्यात एकत्रच खेळायचं आहे. ह्यांना पुढे जाऊन मारामारी आवडते, मला मागे राहायला आवडेल. कोणते दोन क्लास घ्यावेत? – एक वाचक, ठाणे

उत्तर: वॉरियर आणि प्रीस्ट. वरच्या पत्रातल्या मुलाला जे सगळं सोसावं लागतंय ते तुमच्या यजमानांना लागणार नाही, कारण मागे तुम्ही असाल.

या जोडीतली एक खुबी मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. प्रीस्टला सहाव्या लेव्हलला ढाल मिळते, पॉवर वर्ड शील्ड. ती सुरुवातीलाच वॉरियरवर टाकायचा मोह प्रत्येकीला होतो. टाकू नका. ढालीनं अडवलेल्या माराचा रेज मिळत नाही. तुम्ही काळजीनं ढाल टाकता आणि ते बिचारे मोकळ्या हातांनी उभे राहतात. त्याऐवजी आठव्या लेव्हलला मिळणारा रिन्यू लावा. तो थोडा थोडा करून पंधरा सेकंद जखमा भरत राहतो. ढाल राखून ठेवा, खरोखर जीव जातोय अशा वेळेसाठी किंवा तुमच्या स्वतःच्या अंगावर कुणी धावून आलं तर.

उरलेल्या वेळात कांडी वापरा. पाचव्या लेव्हलला चालणारी लेसर मॅजिक वाँड कुठलाही एन्चांटर, म्हणजे वस्तूंवर जादू चढवणारा खेळाडू, थोड्या पैशांत करून देतो. तिला मॅना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, लागत नाही, आणि त्या वयात तुमच्या मंत्रांपेक्षा तिचाच भरवसा जास्त. रिन्यू लावायचा, कांडी चालू ठेवायची, नवऱ्याचा जीव दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीवर नजर ठेवायची. रात्रीच्या दीड तासाला हे काम फार छान आहे. आणि दोघांनीही एक नियम पाळा: एकट्यानं लॉगिन करून पुढे जायचं नाही. दोघांच्या लेव्हलमध्ये पाचाचं अंतर पडलं की जोडी मोडते.

प्रश्न: मी डेडमाइन्स या डन्जनमध्ये (पाच जणांनी मिळून जायच्या भुयारात) हीलर, म्हणजे जखमा भरणारी, म्हणून गेले होते, प्रीस्ट, लेव्हल 19. दोनदा सगळे मेलो. दोन्ही वेळा चॅटमध्ये 'हीलर?' एवढंच आलं. तेव्हापासून ग्रुपमध्ये जायची भीती वाटते. माझ्यात काही कमी आहे की हा क्लासच माझा नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर: तुम्ही पत्रात त्या दोन्ही वेळांचा सगळा तपशील दिला आहे, म्हणून मला नीट सांगता येतंय. जागा कमी असल्यामुळे इथे थोडक्यात देते. पहिल्या वेळी टँक, म्हणजे सगळ्यांचा मार स्वतःवर घेणारा, पुढे धावला, तुमचा मॅना तेव्हा एक तृतीयांश होता. दुसऱ्या वेळी मेजनं टँकचा हात लागायच्या आधी चौघा शत्रूंवर जादू सोडली, ते चौघे त्याच्यावर आले, तुम्ही त्याला वाचवायला लागलात आणि मग ते तुमच्यावर आले.

दोन्ही वेळा चूक तुमची नव्हती. पण या खेळात हीलरला दुसऱ्यांच्या चुकांचा हिशोब आधीच करून ठेवावा लागतो. तो कसा, ते सांगते.

मॅनाचं आधी. प्रीस्टचा मॅना स्पिरिट या गुणावर भरतो, पण मंत्र टाकून मॅना खर्च केला की पुढचे पाच सेकंद ते भरणं थांबतं. नवीन हीलर दर दोन-तीन सेकंदांनी एक छोटा हील टाकत राहते, त्यामुळे तिचा मॅना भरायला कधी सुरुवातच होत नाही. टँक निम्म्यावर येईपर्यंत हात आवरा, मग एक मोठा हील टाका आणि पुन्हा थांबा. त्या थांबण्याच्या वेळात कांडी. आणि मारामारी संपली की खाली बसून पाणी प्या, टँक काहीही म्हणो. मेज बरोबर असेल तर तो पाणी फुकट बनवून देतो, निःसंकोच मागा. मी टँकला आधीच लिहून ठेवते: 'मी बसले की थांबायचं.' माझ्या गिल्डमधला, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटातला, टँक पोलंडचा आहे. एक शब्द न बोलता तो माझ्या मॅनाच्या निळ्या पट्टीकडे बघून चालतो. असे टँक सांगून सांगून तयार होतात.

आता ते चौघे तुमच्यावर का आले, ते. तुम्ही जितकं बरं करता त्याच्या निम्मा राग शत्रूंच्या खात्यात तुमच्या नावावर जमा होतो आणि लढाईत असलेल्या सगळ्यांमध्ये वाटला जातो. ज्या शत्रूला टँकनं अजून हात लावलेला नाही त्याच्या यादीत तुमचं नाव सहज वर येतं. म्हणून टँकचा हात प्रत्येकावर पडेपर्यंत पहिला हील टाकायचा नाही. शत्रूंचा तुमच्यावरचा राग थोडा वेळ कमी करणारा फेड नावाचा मंत्र तुमच्याकडे आठव्या लेव्हलपासून आहे. अंगावर कुणी आलं की तो दाबा आणि पळू नका, टँकच्या दिशेनं चालत जा. पळणाऱ्या हीलरच्या मागचे शत्रू टँकला पकडता येत नाहीत.

आणि जो मेज टँकच्या आधी चौघांवर तुटून पडतो त्याला मरू द्या. हे मी पूर्ण विचार करून सांगते आहे. टँक जगला आणि तुम्ही जगलात तर उरलेले सगळे परत उठवता येतात, रिझरेक्शन तुम्हाला दहाव्या लेव्हललाच मिळालंय. त्याला वाचवताना तुमचा मॅना गेला तर पाचही जणांना स्मशानातून चालत यावं लागतं.

पुढच्या वेळी डेडमाइन्समधल्या जहाजावर पोचाल तेव्हा मिस्टर स्माइट भेटेल. तो मधेच पाय आपटून सगळ्यांना जागच्या जागी थिजवतो आणि शस्त्र बदलायला आपल्या पेटीकडे जातो. असं तो दोनदा करतो, साधारण दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश जीव उरल्यावर. त्याच्या जरा आधी टँकवर रिन्यू लावून ठेवा. तुम्ही थिजलेल्या असाल, तरी रिन्यू चालूच राहतो. स्माइट हातोडा घेऊन परत येईल तेव्हा टँकची पट्टी तुम्ही सोडली होती त्याच्या वर असेल. हे एकदा जमलं की तुमची भीती जाईल, मला खात्री आहे.

तुमचा क्लास हाच आहे. सगळे मेल्यावर आपल्यात काय कमी आहे म्हणून पत्र लिहिणारी व्यक्ती हीलरच असते.

प्रश्न: प्रीस्टच्या टॅलेंटचे पॉइंट कुठे टाकू? हीलर व्हायचं असेल तर होलीमध्येच टाकावे लागतात ना? चुकलं तर काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही, लेव्हल वाढवत असताना होलीत टाकू नका. होली, शॅडो आणि डिसिप्लिन या प्रीस्टच्या टॅलेंटच्या, म्हणजे खास कौशल्यांच्या, तीन शाखा. दहाव्या लेव्हलपासून दर लेव्हलला एक, असे साठपर्यंत 51 पॉइंट मिळतात. पहिले पाच शॅडोमधल्या स्पिरिट टॅपला द्या: शत्रू मारला की काही सेकंद तुमचं स्पिरिट दुप्पट होतं आणि पाणी पिण्यात वेळ जात नाही. पुढचे पाच डिसिप्लिनमधल्या वाँड स्पेशलायझेशनला, कांडीचा मार 25 टक्क्यांनी वाढतो. एकोणिसावी लेव्हल येईल तोवर हे दहा झाले. नंतर शॅडोच चालू ठेवा. साठच्या आधीची डन्जनं या पॉइंटांवर व्यवस्थित हील करता येतात, तिथे टॅलेंटपेक्षा मॅनाची शिस्त कामाला येते.

चुकलं तर पॉइंट परत घेता येतात. पहिल्यांदा 1 गोल्ड (खेळातलं नाणं), मग 5, मग दर वेळी पाचानं वाढत 50 पर्यंत. चाळिसाव्या लेव्हलला घोडा आणि स्वारी शिकणं मिळून सुमारे 100 गोल्ड लागतं, ते आधी जमवा. होलीकडे वळायचं ते साठला पोचल्यावर, गिल्ड ठरल्यावर.

प्रश्न: डोंबिवलीहून खेळतो, युरोपच्या सर्व्हरवर पिंग (संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) 170 च्या खाली येत नाही. रोग (Rogue, लपून वार करणारा क्लास) घ्यायचा होता. चालेल का? रेडमध्येही जायचं आहे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पिंग फार खाली येणार नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते पॅरिस सरळ रेषेत सात हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 70 मिलिसेकंद तर निसर्गाचेच, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते.

राक्षसांशी लढायला रोग चालेल. माणसांशी, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंशी, लढताना मात्र त्रास होईल. बॅकस्टॅबला शत्रूच्या पाठीमागे असावं लागतं. तुमच्या पडद्यावर तुम्ही पाठीमागे असता, पण सर्व्हरच्या हिशोबात तो केव्हाच वळलेला असतो. समोरच्याचा मंत्र किकनं तोडतानाही हेच. याउलट वॉरलॉकचं करप्शन, हळूहळू मारणारा मंत्र, एकदा लागलं की पिंग कितीही असो, ते आपलं काम करत राहतं.

पण रेडसाठी, म्हणजे चाळीस जणांच्या मोठ्या मोहिमेसाठी, पिंगपेक्षा घड्याळ बघा. युरोपातल्या गिल्ड संध्याकाळी आठला सुरू करतात, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. आणि काही क्लासना त्याच्याही आधी यावं लागतं. वॉरलॉकनं सोल शार्ड, म्हणजे मारलेल्या शत्रूंच्या आत्म्याचे तुकडे, गोळा करून आणायचे, प्रत्येक शार्ड पिशवीतली एक जागा खातो, आणि मग उशिरा येणाऱ्यांना समन करून, म्हणजे मंत्रानं बोलावून, आणायचं. मेजनं चाळीस जणांचं पाणी करायचं. रोग आणि हंटर वेळेवर आले तरी पुरतं. सकाळी 7.40 ची लोकल पकडत असाल तर रोग घ्या, किंवा त्याहून बरं, हंटर. मोल्टन कोअर या रेडमध्ये मॅग्माडार नावाचा राक्षस चवताळतो तेव्हा त्याला शांत करणारा ट्रँक्विलायझिंग शॉट फक्त हंटरकडे असतो. हंटर आपापसात पाळी ठरवून तो मारतात आणि 170 पिंगवर तो आरामात जमतो.

प्रश्न: माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला ड्रुइड घ्यायचा आहे, कारण 'अस्वल होता येतं'. माझे ऑफिसमधले मित्र खेळतात, ते म्हणतात ड्रुइड प्रत्येक कामात दुसऱ्या नंबरचा. तिला समजावू का? – एक वडील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: समजावू नका. तुमचे मित्र साठाव्या लेव्हलच्या आकड्यांविषयी बोलताहेत. तिथे काही ठिकाणी ते बरोबरही आहेत: मारामध्ये रोग पुढे, टँक म्हणून वॉरियर पुढे. पण लढाई चालू असताना मेलेल्याला उठवणारा रीबर्थ फक्त ड्रुइडकडे आहे, अर्ध्या तासातून एकदा. आणि चाळिसाव्या लेव्हलचा इनर्व्हेट, म्हणजे मॅना भराभर भरणारा मंत्र, घेऊन येणाऱ्या ड्रुइडला आम्ही प्रीस्ट कधी परत पाठवत नाही.

शिवाय तिनं जे कारण दिलंय त्यापेक्षा चांगलं कारण मी या सदरात फार कमी वेळा वाचलंय. दहाला अस्वल, सोळाला पाण्यातलं रूप, विसाला मांजराचं रूप, तिसाला वेगानं धावायचं रूप. इतरांना घोड्यासाठी चाळीसपर्यंत थांबावं लागतं, ती तिसाव्यालाच धावू लागेल. दर थोड्या लेव्हलनं वाट बघण्यासारखं काहीतरी आहे आणि तेच माणसाला पुढे नेतं.

अलायन्सकडे ड्रुइड व्हायला नाइट एल्फ वंश लागतो, होर्डकडे टॉरेन, एवढं तिला आधी सांगा. दहाव्या लेव्हलला तिचा शिक्षक तिला मूनग्लेड या ठिकाणी पाठवेल आणि तिथे पोचायचा मंत्रही देईल. तिथे अस्वलाच्या आत्म्याशी बोलायचं, मग परत येऊन लुनाक्लॉ नावाच्या श्वापदाशी लढायचं. ही लढाई एकटीला जरा जड जाते. तेव्हा जखम भरायचा मंत्र कुठल्या बटणावर आहे ते तिला आधी पक्कं करायला सांगा, आणि लढत असताना तिच्या खांद्यामागून सूचना देऊ नका.