जुन्या मोटारसायकलचा काटा ६० दाखवतो, मोबाइलवर मात्र ५२ दिसतात. मीटर बदलावा का?

मीटर लगेच बदलू नका. दोष मीटरच्या आत आहे की खाली चाकाकडे, हे आधी मीटरमधल्या, गाडी किती धावली ते दाखवणाऱ्या किलोमीटरच्या आकड्यांवरून ठरवा. जळगाव–भुसावळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटरचे अंतर ताडून पाहा. आकडेही जास्त पडत असतील, तर बहुधा मूळ मापापेक्षा लहान टायर किंवा वेगळ्या दात्यांचा पिनियन (चाकाकडून मीटरची केबल फिरवणारे छोटे दातेरी चाक) बसवलेला असतो. आकडे बरोबर आणि काटाच पुढे असेल, तर दोष मीटरमध्ये आहे; कारण आकडे केबलमुळे दातेरी चाकांवर थेट फिरतात, काटा मात्र फिरत्या चुंबकाने ओढलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीसोबत वळतो आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला मागे खेचून धरते. ही स्प्रिंग सैल झाली की काटा पुढे धावतो, आणि ते काम मीटर दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावे. काटा नुसता थरथरत असेल, तर केबल पाहा: आपल्याकडच्या धुळीत आतले ग्रीस चिकट होते, तेव्हा तार रॉकेलने धुऊन पातळ हात ग्रीसचा द्या, पण मीटरकडील चार बोटे कोरडी ठेवा, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढते. वेग ताशी दोन-तीन किलोमीटर जास्त दिसणे हा दोष नव्हे; कंपन्या मीटर मुद्दाम तसाच लावतात.