आरटीएक्स ३०६० १२ जीबी की आरटीएक्स ४०६० ८ जीबी: कागदावर एनव्हिडियाचं कोणतं ग्राफिक्स कार्ड सरस?

गणनेच्या वेगाचा हिशोब असा: कोर (गणना करणारे छोटे भाग) × २ (दर ठोक्याला दोन गणिती क्रिया) × बूस्ट क्लॉक (ठोक्यांचा वाढीव वेग). ३०६० मध्ये ३५८४ कोर, १.७८ गिगाहर्ट्झ, म्हणजे साधारण १२.७ टेराफ्लॉप्स (सेकंदाला इतक्या लाख कोटी गणिती क्रिया). ४०६० मध्ये कोर ३०७२च, पण क्लॉक २.४६, म्हणून १५.१, तेही १७० ऐवजी ११५ वॅटमध्ये.

मेमरीत मात्र चित्र उलटं. ३०६० ची बस (चिपला मेमरीशी जोडणारी वाट) १९२ बिटची, वेग सेकंदाला ३६० जीबी. ४०६० ची १२८ बिट, २७२ जीबी. २४ एमबी एल२ कॅशमुळे (चिपमधल्याच वेगवान छोट्या मेमरीमुळे) ही तूट बरीच भरून निघते, पण टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) ८ जीबीत मावली नाहीत की गेम अडखळतो. कारण न मावलेला डेटा पीसीआयई या मदरबोर्डच्या जोडणीतून आणावा लागतो. त्यात ४०६० ला या जोडणीच्या आठच लेन (डेटाच्या वाटा), त्यामुळे पीसीआयई ३.० च्या जुन्या मदरबोर्डवर हा त्रास वाढतो.

१०८०पी गेमिंगला ४०६० घ्या. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले जड सीन किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवायची असतील, तर १२ जीबीच हवी.