दहावीला नैसर्गिक निवड शिकवताना वर्गात कोणते उपक्रम घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईतल्या मराठी शाळेत यंदाच विज्ञान शिकवायला लागलात, वर्गात 55 मुलं आहेत, प्रयोगशाळा नावापुरती आहे, आणि 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा नुसता वाचून दाखवायचा नाहीये. मी ठाण्यात सोळा वर्षं हाच विषय शिकवते आहे. माझ्या वर्गात जे खरंच चाललं तेवढंच सांगते.

वर्गात काही करण्याआधी एका शब्दाकडे लक्ष द्या: 'जुळवून घेणं'. प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात, हे वाक्य मुलांना तिसरी-चौथीपासून पाठ असतं. पण आपल्या घरात जुळवून घेते ती नवी सून, किंवा बदली होऊन परगावी गेलेला माणूस. एकच माणूस, स्वतःच्या प्रयत्नाने, याच जन्मात बदलतो. मुलं तोच अर्थ किड्या-पाखरांना लावतात. मी पहिल्या वर्षी उपक्रम घेतला, मुलं खूश झाली, आणि चाचणीत वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीने लिहिलं, "लपायची गरज होती म्हणून किडे हिरवे झाले." चूक तिची नव्हती. मी एकच फेरी घेतली होती. पिढ्या दाखवल्याच नव्हत्या. तेव्हापासून उपक्रम निवडताना मी एकच गोष्ट बघते: त्यात पुढची पिढी येते का?

माझा मुख्य उपक्रम टिकल्यांचा. घोटीव कागद चार रंगांचे घ्या: हिरवा, पिवळा, निळा, लाल. ऑफिसातल्या पंचिंग मशीनने टिकल्या पाडा. हे काम मुलं आदल्या दिवशी आनंदाने करतात. पाच-पाच जणांचे 11 गट करा. प्रत्येक गटाने घरून एक छापील उशीचा अभ्रा आणायचा, फुलाफुलांचा, पानांचा, रेघांचा, असेल तो. दोन बाकं जोडून अभ्रा पसरायचा, त्यावर प्रत्येक रंगाच्या 25 अशा 100 टिकल्या विखरायच्या. पंखा बंद करा, नाहीतर पहिल्याच मिनिटाला सगळी प्रजा उडून जाते.

तिघं पक्षी, एक जण नोंद करणारा, एक जण पिल्लं घालणारा. पक्ष्याने पाठ फिरवायची, वळायचं, पहिली दिसेल ती टिकली उचलून डबीच्या झाकणात टाकायची आणि पुन्हा पाठ फिरवायची. घामाच्या बोटाला एकदम तीन टिकल्या चिकटतात, म्हणून नखाने उचलायचा नियम करा. प्रत्येक पक्ष्याने 25 खाल्ल्या की 75 संपल्या, 25 उरल्या. उरलेल्या प्रत्येकीला तिच्याच रंगाची तीन पिल्लं द्यायची, की पुन्हा 100. पानांचा अभ्रा असलेल्या एका गटात पहिल्या फेरीनंतर हिरव्या 11, पिवळ्या 6, निळ्या 6 आणि लाल 2 उरल्या. म्हणजे दुसरी पिढी 44, 24, 24 आणि 8. तिसऱ्या फेरीत लाल संपल्या. शेजारच्या गटाच्या लालसर अभ्र्यावर नेमकं उलटं चाललं होतं, आणि ते बघायला मुलं बाकं ओलांडून गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीलाच प्रत्येक गटाला एका लाल टिकलीवर पेनाने फुली मारायला सांगा. शेवटी ती झाकणातून शोधून हातावर घ्यायला लावा आणि विचारा, "हिचा रंग बदलला का?" लाल होती, लाल असतानाच खाल्ली गेली. बदललं ते अभ्र्यावरच्या गर्दीतलं प्रमाण. वर्गात एक क्षण शांतता होते. त्या शांततेसाठी मी दरवर्षी हा खटाटोप करते.

मग अभ्रे गटांनी आपसात बदलायचे आणि अजून दोन फेऱ्या. इथे इंग्लंडमधल्या पेपर्ड मॉथ या पतंगाची गोष्ट सांगा, आता ती मुलांना आपोआप कळते. मँचेस्टरला 1848 मध्ये त्याचा काळा प्रकार पहिल्यांदा नोंदवला गेला. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळवंडली, आणि 1895 पर्यंत तिथले सुमारे 98 टक्के पतंग काळे होते. पुढे हवा स्वच्छ झाली तसे फिकट पतंग पुन्हा वाढले. अभ्रा दोनदा बदलला, इतकंच.

चमचा, सांडशी, चिमटा या 'चोचीं'नी धान्य उचलायचा खेळ सगळीकडे सुचवला जातो. मला तो अपुरा वाटतो, कारण चमचा आणि सांडशी या दोन वेगळ्या जाती झाल्या. निवड होते ती एकाच जातीतल्या बारीक फरकांतून. म्हणून मी सगळ्यांना कपडे वाळत घालायचे एकसारखे लाकडी चिमटे देते, फक्त निम्म्या चिमट्यांच्या टोकांना आइसक्रीमच्या काड्या चिकटवून चोच लांब करते. साबुदाणा आणि राजमा मिसळून ठेवला की दोघांचंही पोट भरतं. मग 'दुष्काळ' जाहीर करून साबुदाणा काढून घ्यायचा. लांब चोचीची पकड ढिली, राजमा निसटतो. गालापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर 1977 च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, तेव्हा जाड चोचीच्या फिंच पक्ष्यांचा निभाव जास्त लागला आणि त्यांच्या पिल्लांच्या चोची सरासरीने मोठ्या निघाल्या. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ जोडप्याने तिथे पक्षी पकडून चोची मोजल्या होत्या.

एकाच जातीतही बारीक फरक असतात हे मुलांना पटत नसेल तर हिवाळ्यात बाजारात मटार स्वस्त झाला की प्रत्येकाला दहा शेंगा आणायला सांगा. दाणे मोजा, फळ्यावर स्तंभालेख काढा. अर्ध्या तासिकेचं काम.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात मुलांना जरूर न्या. खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) चोच उलटी करून चिखलातलं पाणी कसं गाळतात, तिवरांची श्वसनमुळं ओहोटीला कशी वर दिसतात, हे सगळं बघण्यासारखं आहे. पण सहल टिकल्यांच्या नंतर काढा. आधी नेलीत तर मुलं "तिवराने जुळवून घेतलं" असंच लिहून आणतील.

टिकल्यांना दोन तासिका सलग मागून घ्या, 35 मिनिटांत हे बसत नाही. अभ्यासक्रम मागे पडतोय म्हणून कुणी कुरकुर करेल. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने 2023 मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, आपल्या बोर्डाच्या पुस्तकात ती पहिल्याच धड्यात आहे, त्यामुळे वेळ हक्काने मागा.

आणि कुणीतरी विचारेलच, "बाई, लाल आता कधीच येणार नाही का?" त्यासाठी मी पाकिटात थोड्या जांभळ्या टिकल्या ठेवते. तिसऱ्या फेरीनंतर एका गटाच्या पिल्लांमधली एक टिकली काढून तिच्या जागी जांभळी ठेवते आणि फळ्यावर लिहिते: उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात अचानक होणारा बदल. ती जांभळी पुढच्याच फेरीत खाल्ली गेली तर जाऊ द्या. मुलं दुसरी मागतील. देऊ नका.