झाला तो झाला

भुसावळ,
रविवार दुपार

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र वाचून मला राग आला. "आधी खरी मंडळी, म्हणजे खरं चर्च, कोणती ते ठरव, मग लग्नाचं बघू" असं तुला सांगणाऱ्या त्या जळगावच्या फेलोशिपवाल्या दादाचा जास्त. थोडा तुझाही, कारण तू ते मुकाट ऐकलंस आणि वही काढून दोन रकाने आखलेस. एकात तुमच्या अलायन्स मंडळीवाल्यांची, म्हणजे प्रॉटेस्टंटांची शिकवण, दुसऱ्यात कॅथलिकांची. लग्न करायचंय की ऑडिट?

मला नीट कळलंय का बघ. तू नवापूर तालुक्यातला, आजोबांपासूनचा विश्वासणारा. मोठा झाल्यावर, सगळ्यांसमोर साक्ष देऊन, रंगावलीच्या पाण्यात बुडवून तुझा बाप्तिस्मा झाला. तू जिच्याशी लग्न करणार ती भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधली कॅथलिक, आजोबा गोव्याकडून नोकरीला आलेले. तान्ही असताना फादरांनी तिच्या कपाळावर पाणी ओतलं. आता तुझे पाळक म्हणतात, तो बाप्तिस्माच नव्हे, आधी तिला पाण्यात उतरवा. जळगावचा दादा त्याच्याही पुढे. तो म्हणतो तुझाही धरत नाही, कारण तू प्रार्थनेत आत्म्याच्या भरात अन्य भाषांत बोलत नाहीस. तिची आई म्हणते, काही करा, पण मुलं आमच्या देवळात गेली पाहिजेत. आणि तू विचारतोस, सर, यातलं खरं कोण?

ज्याचा बाप्तिस्मा झाला, त्याचा झाला. पाण्याने झाला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झाला, विषय संपला. ओंजळभर पाणी होतं की कमरेइतकं, पाणी घालणारा झग्यात होता की शर्ट-पँटमध्ये, हे नंतर कुणी मोजत बसायचं नाही. तिचा झाला तो झाला. तुझा झाला तो झाला. तिला पुन्हा पाण्यात उतरवू नको आणि तूही उतरू नको.

तू म्हणशील, मास्तरांनी नेहमीचं सुरू केलं. हो, केलं. पण आधी तुझ्या घराण्याचं बघ. तुझे आजोबा अलायन्सचे का झाले? त्यांनी सगळ्या मंडळ्यांच्या शिकवणी ताडून पाहिल्या होत्या का? त्या काळी प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसात मुलूख वाटून घेतले होते, एकाच्या हद्दीत दुसऱ्याने काम करायचं नाही असा समझोता होता. १९०६ साली सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पश्चिमेला तुमच्याकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं होती. पूर्वेला भुसावळ, जळगाव, चाळीसगाव इकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. नावं सारखी वाटतात, मिशनं वेगळी. आमच्या नगरकडे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, ते लहान मुलांना शिंपडून बाप्तिस्मा देणारे. म्हणजे मी शिंपडलेला आणि तू बुडवलेला, हे आधी नकाशावर ठरलं आणि मग बायबलातून सिद्ध करून दाखवलं गेलं. तुमच्या नवापूरच्या फलाटावर ते बाकडं आहे ना, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत? आपल्या मंडळ्यांच्या बऱ्याचशा सीमा तसल्याच आहेत. बसणाऱ्याला गाडी मिळाल्याशी कारण.

त्याच फलाटावरून सुरतेकडची गाडी धर आणि व्याऱ्याला उतर. तिथे चर्च ऑफ द ब्रदरनची जुनी मंडळी. हे लोक तुमच्याहून कडक, एकदा नाही तर तीनदा बुडवणारे. तरी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं तेव्हा ही ब्रदरन मंडळी, बाप्टिस्ट, आणि तान्ह्या लेकरांना शिंपडणारे अँग्लिकन एकाच छपराखाली आले. एकूण सहा मंडळ्या. बोलणी १९२९ पासून चालू होती. बाप्तिस्म्यावर घोडं अडलंच होतं. शेवटी ठरलं की लहानपणीचा आणि मोठेपणीचा, दोन्ही रीती चालतील. पुढे व्याऱ्याकडच्या काही लोकांनी अंग काढून घेतलं, मालमत्तेचे खटले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, हे मी लपवत नाही. तुझा दादा तेच आधी सांगेल. मेथडिस्टांतला एक मोठा गट तर ऐनवेळी आलाच नाही. पण नागपुरात त्या दिवशी जे मान्य झालं त्याहून शहाणी गोष्ट आपल्या देशातल्या ख्रिस्ती लोकांनी केलेली मला माहीत नाही. तुझ्या पाळकांना माझं हे मत खुशाल कळव.

आता दादा बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा १९वा अध्याय काढेल. काढतातच. इफिसात प्रेषित पौलाने बारा-एक शिष्यांना पुन्हा बाप्तिस्मा दिला ना? दिला. पण त्यांचा आधीचा योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हता. तो दाखला तुझ्या होणाऱ्या बायकोला कसा लागू होतो? तीन अध्याय मागे जा, १६व्यात. फिलिप्पैला लुदिया, जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण. नदीकाठी शांतपणे ऐकत बसली आणि प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं. त्याच गावातला तुरुंगाचा अधिकारी, मध्यरात्री भूकंप, दारं सताड उघडी, आणि तो तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघालेला. लुदियाने कधी त्याला विचारलं असेल का, की भाऊ, तुमचा भूकंप खरा कशावरून? पौलाचा सोबती तीमथ्य, त्याला तर दोन्ही नाही. त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, म्हणजे तुझ्या त्या मुलीसारखाच, घरातून. आणि पौल स्वतः? करिंथात "मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा" सुरू झालं तेव्हा त्याने लिहिलं की क्रिस्प आणि गायस सोडून मी कुणाचा बाप्तिस्मा केला नाही, बरं झालं. मग त्याला आठवलं, अरे हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. बाकी आठवत नाही म्हणतो! आपण कुणाला पाणी घातलं हे पौल विसरला, आणि आपण रजिस्टर घेऊन फिरतोय.

आपल्या महाराष्ट्रातलं बघायचं तर पंडिता रमाबाई. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडात वाँटेजला, अँग्लिकन पद्धतीने. पुढे ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीच शिकवणीवरून वाद घातले, आणि भारतात परतल्यावर ख्रिस्ती लोकांतले इतके पंथ पाहून त्या चक्रावून गेल्या. ख्रिस्त आपल्याला खरा भेटला तो बाप्तिस्म्यानंतर पुष्कळ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ना. वा. टिळकांचं उलट. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हातात दिला, मग वाचन, घालमेल, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. लक्ष्मीबाई तेव्हा आल्या नाहीत. त्या काही वर्षांनी आल्या, स्वतःच्या विचाराने, नवऱ्याच्या मागोमाग नव्हे. एका घरात दोन वाटा, आणि घर मोडलं नाही. टिळकांनी अखेरीस १९१७ साली मिशन सोडून देवाचा दरबार काढला आणि त्यात बाप्तिस्मा न झालेल्यांनाही बसवलं. तिथे मात्र माझे पाय टिळकांच्या मागे जात नाहीत. बाप्तिस्मा हवाच. एकदा.

तुला वाटेल, म्हातारा एवढा का पेटलाय. सांगतो.

माझ्या पणजीचा बाप्तिस्मा छप्पन्नच्या, म्हणजे संवत १९५६ च्या (१८९९-१९००) दुष्काळात झाला. पोटात अन्न नव्हतं, मिशनच्या आवारात दाणे मिळत होते, ती लेकरं घेऊन गेली. आमच्या घरात हे कधी लपवलं नाही. आई तर सणावाराला अभिमानाने सांगायची. माझा थोरला भाऊ पुढे एका नव्या मंडळीत गेला, कॉन्व्हेन्शनमध्ये पुन्हा पाण्यात उतरला, आणि घरी येऊन आईला म्हणाला, आपल्या घराण्याचा तो भाकरीचा बाप्तिस्मा, तुझं तारण झालेलं नाही. जिने त्याला गुडघ्यावर बसवून प्रभूची प्रार्थना शिकवली तिला! आई काही बोलली नाही. मी बोललो, आणि जे बोललो ते आजही बोलेन. पणजी भाकरीसाठी गेली, कबूल. पण दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं, भावकीने परत बोलावलं, तरी ती परत गेली नाही. आमच्यात येऊन राहा म्हणणाऱ्यांना तिने काय उत्तर दिलं असेल ते मला माहीत नाही, पण उपासना तिने चुकवली नाही एवढं आजी सांगायची. माणूस कशासाठी आला यावर बाप्तिस्मा खोटा ठरवायचा तर कुणाचा खरा राहील? मारहाणीच्या भीतीने आलेला, आजार बरा झाला म्हणून आलेला, अख्ख्या भावकीबरोबर आलेला, शाळेच्या फीसाठी आलेला. तुमच्या नवापूरकडे पाड्यांचे पाडे आले, ते काय एकेकटे परीक्षा देऊन आले? झाला तो झाला.

त्यानंतर भावात आणि माझ्यात बोलणं राहिलं नाही. त्याच्या शेवटच्या आजारात मी गेलो नाही असं लोक सांगतात. गेलो होतो. प्रार्थना त्यांच्याच पाळकाने करायची असं घरच्यांनी ठरवलं होतं, म्हणून ओट्यावर बसलो. मी आत घुसून भांडायला हवं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला दुःख आहे ते आईचं. तिची दोन मुलं दोन ठिकाणी नाताळ करत होती आणि तिला करंज्यांचे डबे दोन करावे लागत होते.

मग नोकरीसाठी इकडे खानदेशात आलो तर इथल्या मंडळीतही तेच. नाव नको. कमिटीवर घ्यायचं म्हणाले, अट एकच, आधी बुडवून घ्या. मी नाही म्हटलं. मग मागच्या बाकावर बसून पोरांना शब्बाथ शाळा शिकवली, पेटी वाजवली, डिसेंबरात भरीत-पार्टीची वांगी भाजली, पण कमिटीवर कधी गेलो नाही. कुणी कुणी याला हेकटपणा म्हणतात. आहेच. मी होकार दिला असता तर आईच्या वेळी भावाला जे बोललो ते खोटं पडलं असतं. आणि एक सांगू? त्याच मंडळीतले म्हातारे आज आपल्या नातवंडांची लग्नं ठरवताना माझ्याकडे येतात, कारण कुणाच्याही मंडळीला नावं न ठेवणारा माणूस त्यांना दुसरा सापडत नाही. "पोऱ्या आपलाच शे ना, मास्तर?" असं विचारतात. मी म्हणतो, आपलाच शे.

पण बुडवणाऱ्यांवर माझा राग आहे असं समजू नको. १५२५ साली झ्युरिकमध्ये ज्यांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला जानेवारी १५२७ मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारलं. मारणारे कॅथलिक नव्हते, आपले प्रॉटेस्टंटच होते, नगरसभेने रीतसर शिक्षा दिली होती. त्या माणसाचं मत मला पटत नाही. पण त्याला मारणाऱ्यांच्या आणि माझ्या मताचा निष्कर्ष एकच निघतो, हे आठवलं की मी जरा हळू बोलतो. तू तुझ्या पाळकांशी बोलशील तेव्हा तूही हळू बोल. त्यांनी तुझ्या घरी मयतीला रात्र रात्र जागवली आहे.

आता कामाचं. तुझ्या बाप्तिस्म्याचा दाखला काढ आणि तिला घेऊन फादरांकडे जा. कॅथलिक मुलीला दुसऱ्या मंडळीतल्या मुलाशी लग्न करायला बिशपांची परवानगी लागते. भुसावळ नाशिक धर्मप्रांतात येतं (१९८७ पर्यंत हा भाग पुण्याकडे होता), तेव्हा कागद नाशिकला जाईल. वेळ लागेल, घाई करू नको. आणि हे नीट वाच. ते परवानगी देतात ती तुला बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती धरून. बाप्तिस्मा नसता तर वेगळी आणि मोठी सूट मागावी लागली असती. म्हणजे रंगावलीतलं तुझं पाणी कॅथलिक चर्चला चालतं, आणि तिच्या कपाळावरचं पाणी तुझ्या पाळकांना चालत नाही! हे मी तुला खुन्नस म्हणून सांगत नाही. पण सांगतो.

मुलांबद्दल तिला शब्द द्यावा लागेल, की कॅथलिक बाप्तिस्मा व्हावा म्हणून जमेल तेवढं करीन. तो शब्द ती देते. तुझी सही १९७० पासून लागत नाही, तुला फक्त कल्पना दिली जाते. तुम्ही दोघांनी आधीच बसून बोला, तिच्या आईला आणि तुझ्या पाळकांना बाजूला ठेवून. तान्हेपणी करा की मोठेपणी, माझी अट तुला माहीत आहे. मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, तुला ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही, त्याचा अपमान वाटून घेऊ नको. बाकावर बसून राहा, मला सवय आहे, तुलाही होईल. आणि दोन्हीकडून अगदीच अडलं तर १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकजण ख्रिस्ती असला तरी त्याला पुरतं, कोणत्या मंडळीचा हे तो विचारत नाही. तुम्ही तर दोघंही ख्रिस्ती आहात.

वहीतले ते दोन रकाने फाडून टाक. दाखल्यावर बाप्तिस्मा कोणत्या नावाने झाला ते लिहिलंय का बघ, नसेल तर पाळकांकडून तेवढं पत्र घे आणि त्यांच्याशी वाद घालू नको. दादाला माझा नंबर दे. चारनंतर फोन करू दे, आधी मी झोपलेला असतो. आणि तिच्या वडिलांकडे जाशील तेव्हा त्यांना 'तुमचं तारण झालंय का' असं विचारू नको. त्या माणसाला मी भुसावळात आल्यापासून ओळखतो. तो हसेल, चहा देईल आणि मग मुलगी देणार नाही.

तुझा,
मास्तर